पालक: नोंद नाही

सोमवार, ४ मार्च

प्रिय टिल्ल्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. सहा फुटी माणसाला टिल्ल्या म्हणू नये हे मला कळतं, पण पाकिटावर तुझं पूर्ण नाव नीट लिहिलं आहे, तेव्हा आत तरी मला हवं ते लिहू दे.

इकडे सगळं ठीक. बाबांचा गुडघा पुन्हा कुरकुरतो आहे. जिना उतरताना ते माझं नाव घेतात आणि चढताना तुझं. कारण विचारलं तर म्हणाले, चढायला जास्त जोर लागतो. तुझ्या खोलीत आता माझी इस्त्रीची घडवंची ठेवली आहे, पण तुझी पुस्तकं हलवलेली नाहीत. फोन मी तीनदा केला. तू उचलला नाहीस, तेव्हा सायकलच्या दुकानात हात ग्रीसने भरलेले असतील असं मी बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मानलं की नाही ते देव जाणे.

ऑफिसात नव्या मुलांची भरती झाली आहे. दर सोमवारी सकाळी मी त्यांना शिकवते. आज तोच आपला जुना धडा होता: जावा प्रोग्राममधल्या ऑब्जेक्टचं एक्सएमएल कसं करायचं आणि एक्सएमएलमधून पुन्हा ऑब्जेक्ट कसा उभा करायचा. मी तुला शिकवताना जे उदाहरण दिलं होतं तेच दिलं. घर बदलताना कपाट अख्खं नेता येत नाही. ते खोलायचं, प्रत्येक फळीवर चिठ्ठी चिकटवायची, टेम्पोत घालायचं आणि नव्या घरी चिठ्ठ्या वाचून पुन्हा जोडायचं. चिठ्ठ्या लावलेल्या फळ्या म्हणजे एक्सएमएल आणि टेम्पो म्हणजे एका संगणकाकडून दुसऱ्याकडे माहिती नेणारी वेब सर्व्हिस. एका चुणचुणीत मुलीने विचारलं, "मॅडम, एखाद्या फळीला चिठ्ठी लावायची राहिली तर?" मी म्हटलं, "तर नव्या घरी तो खण येत नाही. आणि कपाट तसंच उभं राहतं, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही." मुलं हसली. मी पाणी पिऊन येते असं सांगून बाहेर गेले आणि बराच वेळ परत गेले नाही.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. गेल्या आठवड्यात एक बाई ऑफिसात आल्या. चष्म्याच्या कारखान्यात काचा घासायचं काम करतात. नखांच्या कडांना पांढरी पूड होती आणि बोलताना त्या ती दुसऱ्या नखाने काढत होत्या. या बाई त्या मुलीची मावशी. कोणत्या मुलीची ते तुला सांगायला नको.

दोन वर्षं झाली त्या पुराला. निवारा केंद्रांतली माणसं एकमेकांना सापडावीत म्हणून आपण ती नोंदीची सर्व्हिस केली, आणि सहा दिवस मुलांच्या नोंदीपुढे "पालक: नोंद नाही" असं येत राहिलं. एकटी सापडलेली चौदा मुलं होती. तेरा जणांचे आईबाप स्वतःच केंद्रं धुंडाळत आले आणि मुलांना घेऊन गेले. चौदावी चार वर्षांची होती आणि तिची आई जखमींच्या वॉर्डात पडून होती. मुलीला पालक नाहीत म्हणून तिला बालगृहात पाठवलं. आई पाचव्या दिवशी गेली. बालगृह तिथून गाडीने चाळीस मिनिटांवर होतं.

मावशी हेच सांगायला आल्या होत्या: त्यांनी मदत कार्यालयाकडे अर्ज केला आहे आणि चौकशी पुन्हा उघडली आहे. बुधवारी, २० तारखेला, अकरा वाजता. मला नोटीस आली, तुलाही आली असेल. मागच्या वेळी जे तू सांगितलंस ते त्यांच्या फाइलीत आहेच. तू तेच सांगणार आहेस का, एवढं फक्त कळव, म्हणजे मला माझी तयारी करायला बरं. तुझ्यावर जोर नाही. बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही.

जेवण वेळेवर करत जा. थंडी गेली तरी तुझा खोकला जात नाही हे मला माहीत आहे.

तुझी,
ताई


शनिवार, ९ मार्च

ताई,

नमस्कार. पत्र मिळालं. फोन उचलत नाही त्याचा राग मानू नकोस, फोनवर मला बोलता येत नाही, गप्प बसलो की तू घाबरतेस.

नोटीस आली आहे. मी येईन. मागच्या वेळी सांगितलं तेच सांगेन: प्रोग्रामची ती ओळ माझ्या नावाने गेली, मीच बंद केली, नंतर उघडायची राहिली. तू तपासणारी होतीस, तुला घाईत दिसलं नाही. एवढंच. तू तयारीबियारी करू नकोस, विचारलं तर "मला आठवत नाही" म्हण. विभागप्रमुखाला दिवसाला शंभर गोष्टी असतात, त्यांना पटेल.

माझं इथं बरं चाललंय. मालक भला माणूस आहे. सायकल बिघडली की कुठे बिघडली ते हाताला कळतं, हे मला आवडतं. खोकला आहे, पण तुला वाटतो तेवढा नाही.

बाबांना माझा नमस्कार सांग. चढताना घेतलेल्या नावाचं ऐकून बरं वाटलं.

टिल्ल्या


शुक्रवार, १५ मार्च

प्रिय टिल्ल्या,

तुझं पत्र मंगळवारी आलं. मी ते उभ्या उभ्या वाचलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी तुला मुद्दाम लिहिते आहे. पहिल्यांदा सुटल्यासारखंच वाटलं. माझ्या मागच्या पत्रातला बाबांचा गुडघा, घडवंची, नवी मुलं, हे सगळं त्या एका प्रश्नासाठी लिहिलं होतं, आणि तू तो प्रश्न ओळखून, मला लाज वाटू नये अशा बेताने उत्तर दिलंस. मग मी खाली बसले. "मला आठवत नाही म्हण" हे वाक्य मी पुन्हा वाचलं आणि मला माझी किळस आली.

मला सगळं आठवतं आहे, टिल्ल्या. मिनिटामिनिटाचं आठवतं आहे.

तो गुरुवार होता. तू दुपारी केंद्रांच्या याद्या आणायला मदत कार्यालयात गेला होतास. तुझं मशीन उघडं होतं, तुझ्याच नावाने. मी तुझ्या खुर्चीत बसले, कारण नवं काम तुझ्याकडेच होतं आणि शुक्रवारी सकाळी सर्व्हिस सुरू करायची असं मी वर शब्द देऊन बसले होते. चाचणी अडत होती. दोनशे नोंदींपैकी दहा नोंदींवर प्रोग्राम कोसळत होता. घोडं कुठे पेंड खातंय ते मला पाच मिनिटांत कळलं: ज्या मुलाच्या नावापुढे आई आणि आजोबा असे दोन पालक होते, तिथे मुलाला पालकाशी जोडणारी तुझी ती ओळ गडबडत होती. दुरुस्तीला अर्धा दिवस लागला असता. मी त्या ओळीपुढे दोन तिरक्या रेघा मारल्या, ती बंद केली आणि चाचणी पुन्हा चालवली. सगळं हिरवं, सगळ्या नोंदी पास. मी तुझ्या नावाने ते काम पुढे पाठवलं, उठून माझ्या केबिनमध्ये गेले आणि माझ्या नावाने मंजूर केलं. दोन्ही सह्या माझ्याच हाताच्या होत्या.

तुझी ओळ बरोबर होती, हे मी तुला आजवर एकदाही सांगितलं नाही. दोन पालकांचं तेवढं जोडायचं राहिलं होतं, बाकी काही नाही. आज सांगते.

काल मी मावशींच्या घरी गेले. आधी त्यांना सांगायचं आणि मग चौकशीत, असं मी बुधवारभर घोकत होते. एक खोली, खिडकीशी काचा घासायचं छोटं यंत्र, कारखान्यातलं उरलेलं काम त्या घरी आणतात. त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः कामाच्या स्टुलावर बसल्या. मुलगी शाळेत होती. तिच्या वह्या चौकोनी रचून ठेवलेल्या होत्या.

मी म्हटलं, "तुमच्या अर्जात तुम्ही कोणाला शिक्षा करा असं लिहिलेलं नाही."

"शिक्षेचं मी काय करू?" त्या म्हणाल्या. "मला कागद पाहिजे. काय झालं ते लिहिलेला. बालगृहात कोणीतरी तिला सांगितलं, तुला कोणी नाही म्हणून. तिनं ते धरून ठेवलंय. सहा वर्षांची आहे, अजून रात्री विचारते, आई मला न्यायला का नाही आली. मी सांगते, आई तुझी वाट बघत होती. तिला खरं नाही वाटत. मोठी झाली की तिला वाचता येईल असं काहीतरी पाहिजे मला. खरं."

मग मी सांगितलं. जमेल तितकं सोपं करून सांगितलं. आईच्या नोंदीत मुलगी असते आणि मुलीच्या नोंदीत आई. याचं एक्सएमएल करायला घेतलं की प्रोग्राम आई लिहितो, आईच्या पोटात मुलगी लिहितो, मुलीच्या पोटात पुन्हा आई, तिच्या पोटात पुन्हा मुलगी. ते संपतच नाही, शेवटी प्रोग्राम अडून बसतो. म्हणून मुलीच्या बाजूने आईला लिहायचंच नाही अशी खूण करतात. त्यात चूक काही नाही, सगळे तसंच करतात. मात्र पलीकडच्या ऑफिसात नोंद उघडली की आई आणि मुलीची ती गाठ पुन्हा बांधावी लागते.

"आणि ती बांधली नाही," त्या म्हणाल्या.

"बांधणारी ओळ होती. मी ती बंद केली."

"मग तुमची तपासणी?"

हाच प्रश्न दोन वर्षांपूर्वी कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, आमची चाचणी नेहमी पालकापासून सुरू व्हायची. पालक उघडा, त्याच्याखाली मुलं दिसतात का बघा. दिसत होती. मुलापासून सुरुवात करून आम्ही कधी पाहिलंच नाही. केंद्रावरच्या बायका मात्र मुलापासून सुरुवात करणार, कारण त्यांच्यासमोर मूल उभं असतं.

यंत्राच्या पट्ट्यावर अंगठा फिरवत त्या म्हणाल्या, "वॉर्डातली नर्स मला म्हणाली होती, तुमच्या बहिणीला आम्ही सांगितलं, तुमची मुलगी सुखरूप आहे, स्क्रीनवर दिसतेय. मला वाटायचं, तिचं मन राखायला सांगितलं असेल."

"खरंच दिसत होती," मी म्हटलं. "आईच्या बाजूने दिसत होती. केंद्र क्रमांक चार. तिथं कळवलं तोवर मुलीला बालगृहात हलवलं होतं. बालगृहाने मुलीच्या बाजूने पाहिलं, तर आई नाही, म्हणून त्यांनी तिला सोडलं नाही."

"म्हणजे तिला माहीत होतं, पोरगी आहे ते."

"हो."

त्या रडल्या नाहीत. मला मात्र रडू आलं आणि ते त्यांना आवडलं नाही, हे मला दिसलं. मी डोळे पुसले.

आणि मग मी ते सांगितलं जे तुलाही माहीत नाही. तू चौकशीत म्हणालास, उघडायची राहिली. सगळे तेच समजतात, की गडबडीत विसरलं गेलं. टिल्ल्या, मी विसरले नव्हते. शनिवारी सकाळी अंघोळ करताना मला ती ओळ आठवली. ऑफिसात जाऊन ती उघडायला, दोन पालकांचं दुरुस्त करायला दुपार झाली असती. पण चालू सर्व्हिस थांबवायची तर मदत कार्यालयाला कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण हे होतं की मी न तपासता सुरू केली. आठच दिवसांपूर्वी मला विभागप्रमुख केलं होतं. मी स्वतःला समजावलं, आई उघडली की मुलं दिसतातच, दोन दिवसांनी काय बिघडतंय, सोमवारी गुपचूप करू. सोमवारी बैठका निघाल्या. मंगळवारी त्या मुलीची आई गेली. बुधवारी केंद्रांतून ओरड झाली आणि तू, काही माहीत नसताना, रेघा शोधून काढल्यास, ओळ उघडलीस आणि त्या दहा नोंदींचंही नीट केलंस. मी तुझ्या मागे उभी होते. तू वळून माझ्याकडे पाहिलंस तेव्हाच तुला कळलं होतं. तुझ्या मशीनवर दुसरं कोण बसणार?

शनिवारी उघडली असती तर आई आणि मुलगी भेटल्या असत्या. तीन दिवस हातात होते. हे मी मावशींना याच शब्दांत सांगितलं.

त्यांनी विचारलं, "मग तो का येतो?"

मला कळेना कोणाबद्दल विचारतात. तेव्हा त्यांनी सांगितलं. दर दुसऱ्या रविवारी तो उंच मुलगा येतो, दोन तास बसने. पहिल्यांदा आला तेव्हा दारातच म्हणाला, ते माझ्या हातून झालं, आणि मान खाली घालून उभा राहिला. त्यांनी त्याला हाकलून दिलं. तो पुढच्या रविवारी पुन्हा आला. तिसऱ्या वेळी मुलीनेच दार उघडलं. त्याने तिला जुन्या सुट्या भागांतून लहान सायकल जोडून दिली आणि गल्लीत मागे धावत शिकवली. त्याच्याशी ती बोलते. शाळेत बोलते त्यापेक्षा जास्त बोलते. मावशी म्हणाल्या, "मला त्याला माफ करायला वर्ष लागलं. आणि त्यानं काही केलंच नव्हतं?"

मी म्हटलं, तो माझा धाकटा भाऊ आहे. ते उत्तर नाही, हे मलाही माहीत होतं. त्या म्हणाल्या, "माझी पण थोरली बहीणच होती." मग उठल्या, माझा पाण्याचा पेला उचलला आणि दाराशी येऊन म्हणाल्या, "हे सगळं तिथं सांगा. शनिवारचं पण. त्याला म्हणावं, यायचं थांबवू नको, पोरगी वाट बघते. तुम्ही मात्र इथं येऊ नका." मी हो म्हटलं.

टिल्ल्या, तू हे का केलंस ते मी विचारणार नाही. आई गेली तेव्हा तू आठ वर्षांचा आणि मी पंधराची. तुझी वेणीफणी सोडली तर बाकी सगळं मीच केलं, असं मी चारचौघांत मिरवत आले आणि तू हसत आलास. ते सगळं फेडायचं म्हणून तू "मी" म्हणालास की काय, या विचाराने माझा जीव कासावीस होतो. तसं असेल तर तेवढं मनातून काढून टाक. मला ते नको आहे. तुझं आवडतं काम मी तुझ्याकडून काढून घेतलं, तुझं नाव घालवलं, आणि दोन वर्षं मूग गिळून त्या केबिनमध्ये बसले. हे माझं आहे. ते मला माझ्या नावाने हवं आहे.

चौकशीसाठी निवेदन लिहून झालं आहे. साडेतीन पानं. संगणक न कळणाऱ्यालाही कळेल असं लिहा, असं त्यांनी नोटिशीत म्हटलं होतं. मी ते सहा वर्षांची मुलगी पुढे कधीतरी वाचेल असं धरून लिहिलं. पहिलं वाक्य असं आहे: "आईला तिची मुलगी सुखरूप असल्याचं शेवटपर्यंत माहीत होतं आणि ती तिची वाट पाहत होती, मुलगी तिच्यापर्यंत का पोचली नाही, त्याचं कारण मी आहे." पुढे रेघा, सह्या, शनिवार, सगळं क्रमाने. एक प्रत सोबत ठेवली आहे. त्यात कुठे तांत्रिक चूक असेल तर मला सांग, पण ती सोडून एक शब्द बदलायला सांगू नकोस.

राजीनामा आज सकाळी दिला. बाबांना आज जेवताना सांगितलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला, "पोराशी दोन वर्षं मी बोललो नाही नीट" एवढं म्हणाले आणि उठून तुझ्या खोलीत जाऊन बसले. त्यांचा फोन आला तर उचल. बोलता आलं नाही तरी चालेल, त्यांनाही येणार नाही.

बुधवारी तू येशीलच, नोटीस आहे म्हणून. मागच्या वेळी त्यांनी तुला आधी विचारलं, मी शेजारच्या खुर्चीत होते, आणि तू उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे पाहिलंस. मी टेबलाकडे पाहत होते. या वेळी त्यांनी तुला आधी विचारलं तर काही कबूल करू नकोस, काही नाकारूही नकोस. फक्त म्हण, "आधी माझ्या ताईला विचारा." मी तुझ्याकडे पाहत असेन.

सात वर्षांनी मोठी असून तुझ्या मागे लपलेली,
ताई